कोणत्याच फर्म्यात नसलेली वीतभर जागा

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई कोणालाही नावाने हाक मारीत नसत. शिक्षकांना त्या विषयावरून ओळखत. मी गणित शिकवीत असे, म्हणून मी ‘गणित’. शेजारच्या टेबलावर बसणारे सर ‘भूगोल’. “ओ गणित, त्या भूगोलाला म्हणावं, शर्टाची टीप उसवली मागून,” असे त्या शिक्षकखोलीच्या दारातून खणखणीत आवाजात सांगत, आणि भूगोलाचे सर उरलेला वेळ भिंतीला पाठ लावून काढीत. नव्याने रुजू झालेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसे. पुढे त्याला सवय होई. आणखी काही दिवसांनी बाई समोरून येताना दिसल्या की तोही नकळत कॉलरवरून हात फिरवू लागे.

डाव्या मनगटावर, जिथे इतर लोक घड्याळ बांधतात, तिथे बाई टाचण्या खोचायची गादी बांधीत. त्यामुळे वेळ त्यांना नेहमी दुसऱ्याला विचारावी लागे. गळ्यात मोजपट्टी असे. प्रार्थनेच्या वेळी असे, पालकसभेत असे, आणि एकदा आम्ही सगळ्या मिळून एका लग्नाला गेलो होतो तेव्हा पैठणीवरही ती तशीच लोंबत होती. मी हळूच सुचवले की निदान आता तरी ती पिशवीत ठेवा. बाई म्हणाल्या, “चष्मा काढून ठेव म्हणता का कुणाला?”

माणसाकडे त्या पाठीमागून बघत. कोणी ओळख करून दिली की नमस्कार करीत आणि मग बोलता बोलता एक अर्धवर्तुळ पूर्ण करून त्या माणसाच्या मागे जाऊन उभ्या राहत. त्यांचे म्हणणे असे होते, की “समोरून समदे इस्तरी करून येतात, ओ गणित. बघायचं तर पाठीकडून बघावं.”

ह्या बघण्याचा प्रसाद मुख्याध्यापिकांनाही मिळाला होता. त्यांना सारी शाळा ‘मोठ्या बाई’ म्हणे. एका झेंडावंदनाच्या सकाळी मोठ्या बाईंनी दोरी ओढली, राष्ट्रगीत झाले, पाहुण्यांसाठी चहा आला. तेवढ्यात शिवणाच्या बाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या.

“मोठ्या बाई, दोरी ओढताना तुमची बाही वरडत होती. मुंढा बारीक कापलाय कुणीतरी.”

मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर. तो कमी पडला की हात वर करताना सगळा ब्लाउज हाताबरोबर वर येतो. मोठ्या बाई पाहुण्यांकडे पाहून कशाबशा हसल्या. “बाई, हे आपण नंतर बोलू.”

“नंतर कशाला? धाडून द्या की. सांजपर्यंत नीट करून देते.”

तो ब्लाउज मोठ्या बाईंनी दिला नाही. मात्र पुढच्या झेंडावंदनाला त्यांच्या अंगात नवा ब्लाउज होता, आणि दोरीला हात घालण्यापूर्वी त्यांनी एकदा बाई कुठे उभ्या आहेत हे पाहून घेतले.

बाईंचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी होता. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तार ताणलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फर्मे टांगलेले असत. फर्मा म्हणजे अंगाच्या मापाचा कागदी साचा. तो कापडावर ठेवायचा, कडेने खडूची रेघ मारायची आणि त्या रेघेबरहुकूम कापड बेतायचे. बाईंचे बहुतेक फर्मे वर्तमानपत्राचे होते. जुने झालेले पिवळे, नवे पांढरे. प्रत्येकावर तो कोणाच्या अंगावरून काढला हे लाल पेन्सिलीने लिहिलेले असे, पण नाव नसे. ‘आष्टीची मामी, उंच.’ ‘धाकटी नणंद, बाळंतपणाआधी.’ त्याच्याच शेजारी, ‘धाकटी नणंद, बाळंतपणानंतर.’ एका फर्म्यावर मी वाचले होते, ‘शेजारीण, भांडण मिटल्यावर.’ भांडण मिटल्याने माप कसे बदलते, असे मी विचारले. बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिले. “जेवायला लागली ना ती.”

एकाच फर्म्यावरून अख्खा कपडा बेतायला त्यांच्या वर्गात परवानगी नव्हती. “एका फर्म्यातून निघतो त्याला गणवेश म्हणतात,” असे त्या मुलींना बजावीत. “खांदा एकीचा घ्या, घेर दुसरीचा घ्या, गळा तिसरीचा. मंग ते जोडा. जोडता आलं तर शिवण आलं.” जोडण्याची त्यांची रीत ठरलेली होती आणि ती मी माझ्या भूमितीच्या तासालाही पुष्कळदा सांगितली आहे. आधी दोन्ही कागदांवर मधली उभी रेघ आखायची. मग कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने जाणार हे बाणाने दाखवायचे. रेघेवर रेघ आणि बाणाला बाण समांतर बसला की मगच कडांकडे पाहायचे. कडा कधीच जुळत नाहीत. त्या किती जुळत नाहीत हे मोजायचे आणि तो फरक चुण्यांत किंवा टकमध्ये, म्हणजे आत मुडपून घातलेल्या टोकदार शिलाईत, जिरवायचा. ज्या मुली आधी कडा जुळवायला जात त्यांना बाई म्हणत, “कडा भांडून राह्यल्या तर भांडू दे. तू मधल्या रेघेला धरून बस.”

एकदा नववीतल्या एका मुलीने मोबाईलवरून उतरवलेला, छापून आणलेला तयार फर्मा आणला. रेघा सुबक, बाण सुबक. बाईंनी तो उजेडात धरला.

“हा कुणाचा?”

“मोबाईलवरचा आहे, बाई.”

“ते कळलं. अंग कुणाचं?”

मुलगी गोंधळली. “कुणाचंच नाही, बाई. मीडियम आहे.”

“मीडियमला बोलाव एकदा. पाठ बघू दे तिची,” बाई म्हणाल्या. वर्ग हसून हसून लोळला. पण त्यांनी तो कागद टाकून दिला नाही. आष्टीच्या मामीचा खांदा त्याला जोडायला लावला, आणि त्यावरून झालेला कुर्ता ती मुलगी कॉलेजात जाईपर्यंत घालत होती.

अशा ह्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या, त्या वर्षीच्या एप्रिलमधली ही गोष्ट आहे. जालन्यातला एप्रिल. सकाळची शाळा सुटेपर्यंत व्हरांड्याची फरशी चपलेतून भाजू लागे. निरोप समारंभाची तयारी चालू झाली होती. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेला शाळेतर्फे साडी देतात. ती साडी तिने त्या दिवशी नेसून यावी म्हणून आठवडाभर आधीच देतात. साडी घेऊन मला पाठवले होते. बाईंनी पिशवीत डोकावून पाहिले, रंग चांगला आहे म्हणाल्या, आणि पिशवी बाजूला ठेवून दिली.

“ओ गणित, निरोपाला मी फ्रॉक घालून येणार.”

त्या थट्टा करीत आहेत असे मला वाटले. त्या थट्टा करीत नव्हत्या. खडू घेऊन त्यांनी तिथेच फळ्यावर आकृती काढली. गोल कॉलर. फुग्याच्या बाह्या. कमरेशी घट्ट, आणि तिथून खाली पोटऱ्यांपर्यंत सोडलेला घेर. दोन्ही बाजूंना खिसे. असा फ्रॉक त्यांनी लहानपणी आष्टीच्या बाजारात पाहिला होता. तिथल्या दवाखान्यात केरळातून आलेल्या एक नर्सबाई होत्या. सुट्टीच्या दिवशी त्या निळ्या-पांढऱ्या चौकडीचा फ्रॉक घालून बाजाराला येत.

“भर उन्हाचं आल्त्या,” बाई सांगू लागल्या. “लिंबं घेतली, खिशात टाकली, आन् दोन्ही हात हलवत निघून गेल्या. मी बघत राह्यले. माझी आई म्हणे, चल जल्दी. आमच्यात चौदाव्या वर्षी साडी. तवापासून एक हात पदराला लागलाय तो लागलाच.”

“मग शिवा की,” मी म्हणाले. “उन्हाळ्याची सुट्टी लागेल, घरी आरामात घाला.”

खडू खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकवताना मुलीने उत्तर अर्धे दिले की त्या अशाच पाहत. “घरात घातला तर त्याला गाऊन म्हणतात, ओ गणित. आळीतल्या समद्या बाया घालतात. चारचौघांत घातला तरच तो ड्रेस. म्हणून निरोपालाच. पोरींच्या म्होरं. नंतर माझ्याकडं बघायला कोण येतंय?”

शाळा सुटल्यावर कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे असलेल्या त्यांच्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले, आणि त्यानंतर समारंभापर्यंत रोज जात राहिले.

त्यांचे यजमान एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले होते. ते बायकोला ‘मास्तरीण’ म्हणत. बेत ऐकून त्यांनी वर्तमानपत्र खाली केले. “काय वो मास्तरीण, पहिलीत नाव घालून राह्यल्या का पुन्हा?”

“तुमी टेप धरा,” बाई म्हणाल्या.

अडचण अशी होती की बाईंच्या अंगाचे दोनच फर्मे होते. एक त्यांच्या ब्लाउजचा आणि दुसरा सहा कळ्यांच्या परकराचा. कमिजींचे फर्मे तारेवर पुष्कळ होते, पण ते मुलींच्या अंगाचे. शिवाय कमीज त्यांना मान्य नव्हती. “ती कंबरेवरून घसरत जाते, थांबत न्हाई. नर्सबाईंचा कंबरेला थांबला व्हता.” कॉलर आणि बाही यांच्यासाठी शाळेच्या पेटीतला, दहा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचा फर्मा घ्यायचे ठरले. अशा रीतीने ब्लाउजचा खांदा आणि छाती, परकराचा पोटऱ्यांपर्यंत आखूड केलेला घेर, आणि लहान मुलीची कॉलर व बाही, हे तीन कागद जोडून एक कपडा करायचा होता.

माझ्या वाट्याला कॉलर आली. ब्लाउजच्या गळ्याची वक्ररेषा कागदावर उतरवून तिच्या बाहेर सारख्या अंतरावर दुसरी वक्ररेषा कंपासने मारली, तेव्हा कॉलर अचूक आली, याचा मला आजही आनंद आहे. बाहीचे काम बाईंनी स्वतःकडे ठेवले. लहान मुलीच्या बाहीचा कागद त्यांनी उभा चिरला, पट्ट्या हातपंख्यासारख्या पसरल्या, मधल्या फटींत नवा कागद चिकटवला, आणि वरचा सगळा वाढीव भाग चुण्या घालून मुंढ्याच्या मापात बसवला. बाहीचा फुगा ह्या फटींतूनच येतो.

त्यांच्याच नियमाप्रमाणे पहिला कपडा मांजरपाटाचा, म्हणजे धुवट न केलेल्या स्वस्त सुती कापडाचा शिवायचा होता. अंगावर घालून पाहायचा, चुका काढायच्या आणि मग खरे कापड हातात घ्यायचे. खरे कापड त्यांनी आधीच आणून ठेवले होते. निळी-पांढरी चौकडी. दुकानदाराकडे ताग्याचा शेवट उरला होता. फर्म्यांवरून हिशेब करून बाईंनी तो संपूर्ण घेतला होता.

मांजरपाटाचा फ्रॉक घालून बाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. खांदे उत्तम बसले होते. बाह्या फुगल्या होत्या. पण घेर कमरेपासून सुरू होण्याऐवजी छातीखालीच सुरू झाला होता आणि खालची कड गुडघ्यांशी आली होती. यजमानांनी घसा साफ केला.

“मास्तरीण, हे झबलं झालं.”

बाई आरशासमोर गेल्या, आडव्या उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मान वळवून त्यांनी स्वतःची पाठ जमेल तितकी पाहिली. “चुकलं कुठं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मधली रेघ बराबर. बाण बराबर.” मीही दोन्ही कागद पुन्हा मोजले. कागदांत चूक नव्हती. ब्लाउज जिथे संपत होता तिथे तो संपत होता, परकर जिथे सुरू होत होता तिथे तो सुरू होत होता, आणि आम्ही दोघींनी एकाची खालची कड दुसऱ्याच्या वरच्या कडेला जोडून टाकली होती.

मग बाई पलंगावर बसल्या. त्यांनी तळहात छातीखाली आडवा धरला, करंगळीच्या बाजूने खाली सरकवीत नाडी बांधतात तिथपर्यंत नेला, आणि तो तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिले.

“ही जागाच न्हाई, ओ गणित. बघा की. ब्लाउज इथं संपतो. परकर इथं बांधते. मधलं समदं साडीच्या भरवशावर. इतकी वर्षं शिवून राह्यले, पण माझी ही वीतभर जागा कोणत्याच फर्म्यात न्हाई.”

मला हे समजायला एक क्षण लागला. समजल्यावर मी माझ्याही कमरेशी हात नेला. माझ्याही कोणत्या शिंप्याने ती जागा कधी मोजलेली नव्हती.

यजमान उठले. टेप त्यांच्याच हातात होता. पुढून एक माप घेतले, मागून एक घेतले, दोन्ही बाजूंनी घेतली. पुढचे माप मागच्यापेक्षा जास्त निघाले. दोन बाळंतपणांचा तो फरक होता. माप सांगताना त्यांनी थट्टा केली नाही. बाईंनी वर्तमानपत्राचा नवा कागद घेतला आणि त्यावर लाल पेन्सिलीने लिहिले, ‘मी.’

पण आता कापड पुरेना. ताग्याचा शेवट त्या जागेशिवायच्या हिशेबाने घेतला होता. दुकानदाराकडे उरले नव्हते. बाजारात दुसरीकडे तीच चौकडी मिळेना. “दुसऱ्या रंगाचा पट्टा लावू,” मी म्हणाले. बाईंनी नकार दिला. “ठिगळ दिसतं. एवढ्या दिवसांनी सापडली ती जागा, आन् तिला परक्याचं कापड?”

दोन दुपारी आम्ही फरशीवर बसून होतो. कागदाचे तुकडे चौकडीवर मांडायचे, उचलायचे, फिरवून पुन्हा मांडायचे. कळ्या म्हणजे घेराचे वर अरुंद, खाली रुंद तुकडे. त्या एकमेकींना उलटसुलट टेकवल्या की कापडाच्या कडांशी लांब तिरप्या फटी सुटतात. त्या फटींत नवा कागद सरळ बसत नव्हता, पण तिरपा बसत होता. तिरप्या बेतण्याला उरेब म्हणतात. त्यात कापड उभ्या धाग्यातही ताणले जात नाही आणि आडव्यातही नाही, दोन्हींच्या मधून ताणले जाते, त्यामुळे ते अंगाबरोबर सैल-घट्ट होते. चौकडीच्या कपड्यात त्याचा आणखी एक फायदा आहे. सरळ चौकडीला सरळ चौकडी जोडली की घर नि घर जुळावे लागते, एक धागा चुकला तरी नजरेत भरते. उरेबी पट्ट्यातली चौकडी शंकरपाळ्यासारखी तिरपी उभी राहते. वरच्या घरांशीही तिला जुळायचे नसते आणि खालच्या घरांशीही नाही.

“पोट हललं तरी चालंल आता,” बाई शेवटची टाचणी लावताना म्हणाल्या. “पट्टा समजून घेईल.”

मोठ्या बाईंना मात्र समजावणे कठीण होते. बाईंनी लपवाछपवी केली नाही. समारंभाला दोन दिवस उरले असताना त्या कार्यालयात गेल्या. मला सोबत नेले.

मोठ्या बाई ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, “बाई, संस्थेचे लोक येणार आहेत. पालक येणार आहेत. मुलींना आपण रोज सांगतो, ओढणी नीट घ्या. त्यांना काय वाटेल?”

“मोठ्या बाई, गुडघ्याच्या खाली वीतभर हाये. पाठ झाकली, पोट झाकलं. साडीत ह्यापेक्षा जास्त दिसतं.”

“प्रश्न दिसण्याचा नाही. रीतीचा आहे. शाळेने साडी दिली आहे.”

“साडी मी नेसंल की. दिवाळीला नेसंल.”

“आणि निरोपाला नाही?”

“निरोपाला फ्रॉक. नको असंल तर निरोप नका देऊ. सही करते, चाबी देते, जाते.”

हे त्यांनी रागाने म्हटले नाही. पण त्या उठल्यावर खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात थोडा वेळ राहिला, आणि इतकी वर्षे ज्या शाळेत काढली तिथून चावी देऊन तसेच निघून जाणे त्यांना किती जड जाणार आहे, हे मला त्या हातावरून कळले. माणूस हट्टाला पेटला म्हणजे त्याला काही गमवायचे नसते, असे नाही.

बाई बाहेर पडल्यावर मोठ्या बाईंनी मला थांबवले. समारंभाचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. “कार्यक्रम रद्द करणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्या फ्रॉकमध्ये आल्या, तर ओटी भरण्याचा कार्यक्रम तुम्ही वगळा. ओटी पदरात घेतात. पदरच नसेल तर मी ती भरणार नाही.” निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेची ओटी मुख्याध्यापिकेने भरायची, हा आमच्या समारंभाचा शेवटचा आणि खरा भाग. भाषणे कोणी ऐकत नाही. ओटी भरली की निरोप झाला असे सगळे मानतात. मी ‘बरं’ म्हणाले. बाईंना हे सांगितले नाही.

समारंभाच्या सकाळी बाई यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. एका बाजूला पाय टाकून नव्हे, दोन्ही बाजूंना टाकून. फाटकापाशी उतरल्या, घेर झटकला आणि खिशांत हात घालून चालत आल्या. काही शिक्षक जमिनीकडे पाहू लागले. भूगोलाच्या सरांनी तोंडावर रुमाल धरला. मुली मात्र एक क्षणच थबकल्या, मग त्यांनी बाईंना गराडा घातला, आणि समोर उभ्या न राहता साऱ्या धावत त्यांच्या पाठीमागे गेल्या.

“बाई, मागची चौकडी जुळली!”

“ए, तो पट्टा बघ, उरेब आहे!”

“बाई, किती फर्मे?”

“चार,” बाई म्हणाल्या.

सभागृहात पंखे गरम हवा ढकलत होते. स्वागत झाले, भाषणे झाली. बाई व्यासपीठावर ताठ बसल्या होत्या. आपल्या उत्तराच्या भाषणात त्यांनी सुया मोजून परत ठेवाव्यात एवढेच सांगितले. मग माझ्या हातातल्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर एकच ओळ उरली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. आभार मानून संपवा, असा त्याचा अर्थ होता.

मी आयुष्यभर मुलींना सांगत आले आहे की उदाहरण दिले असेल तसे पुरते सोडवावे. मधली पायरी गाळू नये. मी छापील ओळ वाचली. “यानंतर मोठ्या बाई आपल्या बाईंची ओटी भरतील.”

टाळ्या झाल्या. मोठ्या बाई उठल्या नाहीत. पण ताट सांभाळणाऱ्या मुलीला आतली बोलणी ठाऊक नव्हती. तिने घोषणेसरशी ताट आणून मोठ्या बाईंच्या हातात दिले. हळद-कुंकू, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. मोठ्या बाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. एकदा उचललेले ताट ओटी भरल्याशिवाय खाली ठेवत नाहीत, आणि मोठ्या बाई ह्या बाबतीत फार कसोशीच्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले.

त्या बाईंसमोर गेल्या. हळद-कुंकू लावले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाई, पदर नाही. कशात घेणार?”

टेबलावरचा ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. यजमान पहिल्या रांगेत होते. त्यांनी मांडीवरची टोपी घट्ट धरली.

बाई उठल्या. त्यांनी खाली पाहिले, जणू ही अडचण त्यांनाही आताच कळली होती, आणि मला वाटते तसेच होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी फ्रॉकचा पुढचा घेर धरला, वर उचलला आणि त्याची झोळी मोठ्या बाईंच्या पुढे केली.

“टाका,” त्या म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी थोडा वेळ त्या झोळीकडे पाहिले. मग त्यांनी मूठ भरून तांदूळ सोडले. एकदा, मग पुन्हा. हळकुंड, सुपारी, खण. शेवटी नारळ ठेवला. त्या वजनाने घेर खाली ओढला गेला आणि कमरेचा तिरपा पट्टा ताणला गेला. चौकडीची घरे लांबट झाली. मी जागेवरून पाहत होते. पट्टा थोडा खाली आला आणि थांबला. एकही टीप सुटली नाही.

ओटी भरून झाली की भरणारी वयाने लहान असेल तर ती वाकून नमस्कार करते. मोठ्या बाई बाईंपेक्षा बऱ्याच लहान होत्या. रिकामे ताट त्यांनी टेबलावर ठेवले, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि सगळ्या शाळेसमोर खाली वाकल्या. निऱ्या बाजूला सारून पाय शोधावे लागले नाहीत. ते समोरच होते. बाईंनी आशीर्वादासाठी उजवा हात उचलायला घेतला, तोच झोळीतला नारळ कलला, म्हणून तो हात त्यांनी चटकन पुन्हा घेराला लावला.

“उठा, मोठ्या बाई, उठा,” त्या म्हणाल्या. “दोन्ही हात गुतलेत माझे. आशीर्वाद तोंडीच घ्या.”